इंग्रजीशी गट्टी : टिगर की टायगर?



वही आणि पेन्सिल घेऊन बसा बरं! आज नुसतं वाचून भागायचं नाही. मी स्पेलिंग सांगेन आणि तुम्ही ते वहीत इंग्रजी अक्षरांत लिहायचं. घरात आई-बाबा, आजी-आजोबा मोकळे असतील तर त्यांनाही शेजारी बसवा. शेवटी त्यांच्याकडे आपलं काम आहे.

पण आधी माझी एक फजिती ऐका.

मी चिखली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही, कारण ती हा अंक नक्की वाचणार! प्रश्न विचारला की तिचा हात सगळ्यांच्या आधी वर. एके दिवशी मी फळ्यावर एक शब्द लिहिला. तुम्हीही लिहा : टी, आय, जी, ई, आर. ती उठली आणि खणखणीत आवाजात तिनं वाचलं, "टिगर!"

सगळा वर्ग खो खो हसला. खरं सांगू? हसू मलाही आलं. "अगं, टिगर काय? टायगर! वाघ!" असं म्हणून मी पुढच्या शब्दाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी तिचा हात वर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वाचायची पाळी आली की ती म्हणायची, "मॅडम, घसा दुखते." आठवडाभर घसा दुखतच होता. मधल्या सुट्टीत मात्र तिचा आवाज पार फाटकापर्यंत ऐकू यायचा. शेवटी मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "काय झालं गं?"

ती मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगतलं होतं. टी म्हंजे ट, आय म्हंजे इ. टी, आय, एन टिन. मंग टिगर काहून चुकलं?"

काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते जून २००० मध्ये, म्हणजे मी पुढे निघून गेल्यावर. आम्ही असं काही विचारलं की एकच उत्तर मिळायचं : "इंग्रजीत असंच असतं, पाठ करा." तेच वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "उद्या सांगते."

त्या रात्री मी शब्दांच्या याद्या करत बसले, आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. त्या मुलीनं मी शिकवलेला नियम अगदी बरोबर वापरला होता. मीच तो अर्धा शिकवला होता! राहिलेला अर्धा नियम आज तुम्हांला सांगते.

बोट ठेवा, गंमत पाहा

वहीत हे सहा शब्द एकाखाली एक लिहा.

एच, ई, एन – हेन, म्हणजे कोंबडी.
एन, ओ, टी – नॉट, म्हणजे नाही.
एच, आय, एम – हिम, म्हणजे त्याला.
बी, ई, डी – बेड, म्हणजे पलंग.
जी, ओ, टी – गॉट, म्हणजे मिळालं.
डब्ल्यू, ई, टी – वेट, म्हणजे ओलं.

आता प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून ते झाकून टाका. काय उरलं? ही, नो, हाय, बी, गो, वी!

पाहिलंत? मधला स्वर तोच, पण आवाज बदलला. हेनमध्ये तो 'ए' होता, हीमध्ये 'ई' झाला. हिममध्ये 'इ' होता, हायमध्ये 'आय' झाला.

असं समजा की प्रत्येक शब्द म्हणजे एक खोली आणि शेवटचं व्यंजन म्हणजे तिचं दार. दार बंद असलं की आतला स्वर तोंड दाबून, आखूड बोलतो. दार उघडं असलं की तो अंगणात येतो आणि मोठ्यानं आपलं स्वतःचं नाव सांगतो. आणि स्वरांची नावं तर तुम्हांला एबीसीडीपासून पाठ आहेत : ए, ई, आय, ओ, यू. म्हणजे नवीन काही शिकायचंच नाही! दार उघडं दिसलं की स्वराचं नाव घ्यायचं, झालं.

टाळी वाजवा, तुकडे करा

शब्द लांब असला तर? मग टाळ्या वाजवून त्याचे तुकडे करायचे. एका टाळीत जेवढं बोललं जातं तेवढा एक तुकडा. इंग्रजीत त्याला सिलॅबल म्हणतात. जो तुकडा स्वरावर संपतो तो उघडा तुकडा, म्हणजे ओपन सिलॅबल. जो व्यंजनावर संपतो तो बंद.

आता आमच्या वाघाकडे या. टी, आय – एक टाळी. जी, ई, आर – दुसरी टाळी. पहिला तुकडा कशावर संपला? 'आय'वर. दार उघडं! म्हणून टाय-गर. आणि टी, आय, एन? तिथे 'एन'चं दार बंद, म्हणून टिन.

आणखी लिहा, आणि प्रत्येक शब्दाला टाळ्या वाजवा.

पी, ए – पी, ई, आर : पे-पर.
बी, ए – बी, वाय : बे-बी.
ई – व्ही, ई, एन : ई-व्हन.
पी, आय – एल, ओ, टी : पाय-लट.
आर, ओ – बी, ओ, टी : रो-बॉट. इथे एकाच शब्दात दोन 'ओ' आहेत. पहिला उघडा म्हणून 'रो', दुसरा बंद म्हणून 'बॉट'.
एम, यू – एस, आय, सी : म्यू-झिक.

'यू'चं थोडं वेगळं आहे. तो कधी 'यू' म्हणतो, कधी नुसता 'ऊ'. एस, यू – पी, ई, आर हे सू-पर होतं.

आता ह्या सू-परमध्ये आणखी एक 'पी' घाला : एस, यू, पी, पी, ई, आर. आता तुकडे कसे पडतील? सप-पर! म्हणजे रात्रीचं जेवण. दोन सारखी व्यंजनं शेजारी आली की पहिलं मागच्या तुकड्याचं दार लावतं आणि दुसरं पुढच्या तुकड्यात जातं. म्हणून एच, ओ, पी, पी, आय, एन, जी म्हणजे हॉपिंग, उड्या मारणं. आणि एकच 'पी' लिहिला तर होपिंग, आशा करणं. 'मी उड्या मारतोय' असं लिहायला जाल आणि एक 'पी' विसरलात, तर नुसती आशाच उरेल!

स्पेलिंगमध्ये डबल अक्षर का, असं तुम्ही नेहमी विचारता ना? बऱ्याचदा ते दार लावायलाच ठेवलेलं असतं.

चंद्र आणि मात्रा

ही खूण आपल्या मराठीनं आपल्याला दिलेली आहे. 'बॅट' लिहिताना तुम्ही चंद्र देता आणि 'बेबी' लिहिताना मात्रा. 'नॉट'वर चंद्र आणि 'नो'वर मात्रा. हे ॲ आणि ऑ आपल्या जुन्या वर्णमालेत नव्हते. इंग्रजी शब्दांसाठी आपण ते लिहू लागलो, आणि २००९ च्या शासन निर्णयात त्यांना मराठी वर्णमालेत रीतसर जागा मिळाली. तेव्हा 'ए' आणि 'ओ' ह्या दोन स्वरांपुरतं एवढं लक्षात ठेवा : दार बंद तर चंद्र, दार उघडं तर मात्रा.

म्हणताना तोंडाकडेही लक्ष द्या. आरसा घ्या आणि 'नॉट' म्हणा. जबडा खाली येतो आणि 'ट'ला आवाज खटकन थांबतो. आता 'नो' म्हणा. ओठ गोल होतात आणि आवाज श्वास पुरेल तोवर लांबवता येतो. इंग्लंडमधली माणसं 'नो' म्हणताना शेवटी ओठ आणखी आवळतात, त्यामुळे ते थोडंसं 'नोउ' असं ऐकू येतं. तुमचा साधा 'नो'सुद्धा सगळ्यांना कळतो, काळजी नको. 'नो'चा 'नॉ' मात्र होऊ देऊ नका.

मराठीत उलटी गंमत

थोड्या मोठ्या मुलांनो, आता तुमच्यासाठी. मराठीतही उघडे-बंद तुकडे असतात. 'फूल' म्हणा. शेवटी आपण नुसतं 'ल्' म्हणतो, म्हणजे दार बंद. तरी 'फू' दीर्घ! आता 'फुलाला' म्हणा. फु-ला-ला. 'फु' उघडा झाला आणि ऱ्हस्वही झाला. गरीब–गरिबाला, मूल–मुलाला तसंच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली ठरले, त्यांतही हे आहे.

म्हणजे शब्दाच्या आत इंग्रजीची रीत आपल्या अगदी उलट. पण शब्दाच्या शेवटी? पाणी, लाडू, चिखली! शेवटी उघडा इकार-उकार आला की आपणही तो दीर्घच लिहितो. इंग्रजीतही 'मी', 'ही', 'गो' शेवटी लांबच असतात. तिथे दोघींचं एकमत आहे. मराठी मुलांना 'गो' लगेच जमतं आणि 'टायगर'शी अडखळायला होतं, त्याचं एक कारण ह्या उलट्या गमतीत असावं असं मला वाटतं.

पण असं झालं तरी का?

शेकडो वर्षांपूर्वी इंग्रज लोक आपल्यासारखंच 'ए'ला 'आ', 'ई'ला 'ए' आणि 'आय'ला 'ई' म्हणायचे. एन, ए, एम, ई हे आज 'नेम' आहे ना, ते तेव्हा साधारण 'ना-म' असं दोन टाळ्यांत म्हणत. 'ना' हा उघडा तुकडा, म्हणून लांब. पुढे शेवटचा 'ई' बोलायचा बंद झाला, पण लिहायचा राहिला. शाळेत त्याला सायलेंट ई म्हणतात. म्हणजे तो 'ई' जुन्या उघड्या दाराची चौकट आहे! आपणही 'फूल' लिहिताना 'ल' पुरा लिहितो आणि म्हणतो मात्र 'ल्'. जुनं बोलणं गेलं, लिहिणं राहिलं.

साधारण १४०० ते १७०० ह्या काळात इंग्रजीतले लांब स्वर एकामागून एक बदलले. 'आ'चा 'ए' झाला, 'ए'चा 'ई' झाला, 'ई'चा 'आय' झाला. विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला तो १४७६ साली, म्हणजे ह्या धांदलीच्या मधोमध. छापखान्यामुळे स्पेलिंग हळूहळू ठरून गेलं, पण बोलणं थांबलं नाही, ते पुढे चालतच राहिलं. म्हणून आज लिहिणं एक आणि म्हणणं एक. आखूड स्वर मात्र फारसे हलले नाहीत. म्हणूनच 'टिन' आपल्याला सोपं जातं.

दार ढकलून पाहा

आता खरं ते सांगते, नाहीतर माझी फजिती पुन्हा व्हायची. हा नियम शंभर टक्के चालत नाही.

टी, ओ 'टू' होतं आणि डी, ओ 'डू'. हे दोघे नियम मोडणारे दांडगोबा, त्यांना तसंच ओळखून ठेवा.

दुसरं म्हणजे, शब्दात ज्या तुकड्यावर जोर असतो तिथेच स्वर मोठ्यानं आपलं नाव सांगतो. जोर नसलेल्या तुकड्यात तो पेंगतो आणि नुसता 'अ' म्हणतो. ए, बी, ओ, यू, टी म्हणजे अ-बाउट. 'सोफा'मधला 'सो' जोरात, शेवटचा 'ए' पेंगलेला.

तिसरं म्हणजे, काही शब्दांत एकच व्यंजन असूनही ते दार लावून बसतं. एल, ई, एम, ओ, एन म्हणजे लेमन. सी, ए, बी, आय, एन म्हणजे केबिन असं आपण म्हणतो, पण इंग्रजीत ते कॅबिन. आणि 'झेब्रा'? इंग्लंडमध्ये तो दार लावून झेब्रा, अमेरिकेत दार उघडून झीब्रा. तिथली माणसंच भांडत असतील तर आपण कशाला घाबरायचं?

मग करायचं काय? नवीन शब्द आला की आधी दार उघडं धरून वाचा. ओळखीचा शब्द झाला नाही, तर दार लावून वाचा. दोन्ही नाही जमलं तर शब्दकोश किंवा शिक्षक आहेतच.

एक सूचना. माणसांच्या आणि गावांच्या नावांना हा नियम लावू नका. आमच्या एसटी स्टँडच्या पाटीवर इंग्रजीत चिखली लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी 'आय' आहे. नियम लावला तर गावाचं 'चिखलाय' होईल! आणि दिल्लीचं 'दिल्लाय'! आपली नावं इंग्रजी अक्षरांत लिहिताना स्वर जुन्या रीतीनं घेतात : ए म्हणजे आ, आय म्हणजे ई.

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकांना भेटले की बरेच जण म्हणतात, "मॅडम, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही पोरांचा अभ्यास काय घेणार?" त्यांना मी एक प्रश्न विचारते. विहिरीवरची मोटर चालू करायची तर तुम्ही काय म्हणता? मोटर! कोणी 'मॉटर' म्हणतं का? सकाळी 'पेपर' वाचता, 'पॅपर' नाही. लग्नात 'फोटो' काढता, 'टेबल' पुसता, 'रेडिओ' ऐकलात, 'सोडा' प्यालात, ग्रामपंचायतीची 'नोटीस' पाहिलीत, दिवाळीला 'बोनस' घेतलात. हे सगळे उघड्या तुकड्याचे शब्द आहेत, आणि तुम्ही ते शाळेत न जाताही बरोबर म्हणता. तुमच्या कानांना हा नियम केव्हाचाच ठाऊक आहे. मुलांना फक्त तो डोळ्यांनी दिसायला हवा.

तेव्हा रोज एक करा. घरात बोलले जाणारे असे पाच शब्द मुलांना सांगा. मुलं त्यांचं स्पेलिंग शोधतील, टाळ्या वाजवून तुकडे करतील आणि दार उघडं की बंद ते तुम्हांला सांगतील. सगळेच शब्द मात्र खात्रीचे नसतात. आपण 'हॉटेल' म्हणतो, इंग्रजीत ते 'होटेल' आहे. असा शब्द सापडला तर मुलांना शाबासकी द्या आणि हसून घ्या.

आणि एक विनंती. मूल 'टिगर' वाचलं तर "एवढंही येत नाही?" असं म्हणू नका. त्यानं तसं का वाचलं ते विचारा. पुष्कळदा त्याच्याकडे आपल्यापेक्षा चांगलं कारण असतं. मी न विचारता हसले आणि एका हुशार पोरीचा घसा आठवडाभर दुखला.

तिचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर म्हटलं, "काल-परवा चूक हिची नव्हती, माझी होती." मग आम्ही सगळ्यांनी मिळून बोट ठेवायचा खेळ खेळला. 'मोटर' हा शब्द तिनंच घरून आणला. "मॅडम, आजोबा शाळेत नाही गेले, तरी मोटरच म्हंतात!" असं ती वर्गभर सांगत सुटली.

महिनाभरानं मी फळ्यावर लिहिलं : आर, आय, व्ही, ई, आर. तिचा हात पहिला वर. "राय-व्हर," ती म्हणाली. मग थांबली. स्वतःशीच मान हलवली. फळ्याकडे पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "नाही मॅडम, ह्यानं दार लावलं. रिव्हर. नदी!"

ह्या वेळी वर्गात कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा एक जण तर टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे बरोबर पडले का, ते तपासत होता.

ह्या आठवड्याचं काम

खालचे शब्द वहीत लिहा, तुकडे करा आणि पहिल्या तुकड्याचं दार उघडं की बंद ते ओळखा. उत्तरं लगेच पाहायची नाहीत हं!

१. एस, पी, आय, डी, ई, आर
२. आर, ए, बी, बी, आय, टी
३. एच, यू, एम, ए, एन
४. डी, आय, एन, एन, ई, आर
५. ओ, पी, ई, एन

उत्तरं : १. स्पाय-डर, कोळी, उघडं. २. रॅब-बिट, ससा, बंद. ३. ह्यू-मन, मानवी, उघडं. ४. डिन-नर, रात्रीचं जेवण, बंद. ५. ओ-पन. ह्याचा अर्थच उघडं, मग दार बंद कसं असेल?

पुढच्या अंकात भेटूच. तोवर दारं ढकलत राहा!

तुमच्या मॅडम